एकच हिरवी शाई, अकरा कागद आणि दाजींची सही

दाजींचा फोन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला, रात्री साडेनऊच्या सुमारास, आणि बोलायला सुरुवातच अशी की "तू दिलेली ती शाई खराब निघाली बघ." मला खरंच लागलं ते, कारण ती बाटली मी चांगले दोन आठवडे विचार करून निवडली होती. जूनमधे दाजींना बढती मिळाली, राजपत्रित झाले, आणि ताईची फार दिवसांची हौस होती की यांनी एकदा हिरव्या शाईने सही करावी. आपल्याकडे हिरवी सही म्हणजे मोठा साहेब हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, ॲडमिशनच्या वेळी मार्कलिस्टच्या झेरॉक्सवर सत्यप्रतीचा शिक्का आणि हिरवी सही मिळावी म्हणून जे साहेबांच्या दारात ताटकळलेत त्यांना हे सांगायला नको. केंद्र सरकारच्या कार्यालयीन नियमपुस्तिकेत तर हिरवी-लाल शाई सहसचिव आणि त्यावरच्यांनीच वापरायची, तीसुद्धा क्वचित, असं लिहिलंय. म्हणजे या रंगाला आपल्या सरकारी कामात एक वजन आहे आणि ताईची हौस त्या वजनाची होती, म्हणून मी एक जाड निबचं पेन आणि हिरव्या शाईची एक बाटली असं दोन्ही दिलं. शाई परदेशी, साधी डाय वाली, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रंगाची, आणि रंग कोवळ्या भाताच्या रोपासारखा. नाव देत नाही कारण पुढे जे झालं त्यात त्या कंपनीची चूक नव्हतीच.

दाजींच्या तक्रारी दोन होत्या. पहिली, बाहेर जाणाऱ्या पत्रांवर सही फुटते, अक्षराला केस आल्यासारखं दिसतं आणि कागदाच्या मागे पण उमटते. दुसरी जास्त गंभीर, एक फाइल दुचाकीवरून दुसऱ्या ऑफिसला नेताना पावसात भिजली, प्लॅस्टिकचा फोल्डर होता पण कोपऱ्यातून पाणी शिरलं, आणि टिपणीवरची दाजींची सही धुऊन गेली. वर-खाली बाकीच्यांच्या बॉलपेनच्या सह्या जशाच्या तशा, मधे दाजींच्या जागी फक्त फिकट हिरवा ओघळ. ती टिपणी परत लिहावी लागली, परत खालून वर फिरवावी लागली, एका माणसाचं काम त्यामुळे आठवडाभर अडलं, आणि दाजींना त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. त्यांचा निष्कर्ष सरळ होता. शाई पातळ आहे, म्हणून फुटते पण आणि धुऊन पण जाते.

ऐकायला हे एकदम पटतं. मलाही फोनवर पटलं. पण मी गेली आठ-नऊ वर्षं फाउंटन पेनं वापरतोय आणि एवढं माहीत झालंय की शाईबद्दल काही बोलायच्या आधी कागद बघावा, म्हणून मी दाजींना म्हटलं की ऑफिसात जेवढ्या प्रकारचे कागद वापरता त्याचे दोन-दोन कोरे कागद घरी आणून ठेवा, पेन आणि बाटली पण ठेवा, मी शनिवारी येतो. दाजी कोकणात, मी कोल्हापुरात. आंबा घाटातून जाताना पाऊस असा होता की काचेपलीकडे दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. हवेतल्या दमटपणाचा या प्रकरणाशी संबंध असेल असं तेव्हा डोक्यात आलं नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी आलं.

टेबलावर एकूण अकरा कागद जमले. दाजींच्या ऑफिसातला ७५ जीएसएमचा (जीएसएम हे कागदाच्या वजनाचं माप) कॉपियर, म्हणजे झेरॉक्स-प्रिंटरचा साधा कागद, उघड्या रिममधला. त्याच कंपनीचं न फोडलेलं रिम मी कोल्हापुरातून येताना घेतलं होतं, ते दुसरं. १०० जीएसएमचा जाड बॉण्ड, जो दाजी खास पत्रांना वापरतात. टिपणीचा हिरवट लेजर कागद, म्हणजे खातेवह्यांना वापरतात तसला. आवक-जावक रजिस्टरचं शेवटचं कोरं पान. खाकी पाकीट. भाचीची शाळेची फुलस्केप वही. नवीन वर्षाला कुणीतरी दिलेली फुकट डायरी. एका प्रदर्शनात घेतलेला हातकागद. आणि माझ्या बॅगेतले दोन, ऱ्होडिया कंपनीचं ८० जीएसएमचं पॅड आणि तोमोए रिव्हर या जपानी कागदाचे ५२ जीएसएमचे सुटे कागद.

सगळ्यांवर एकच वाक्य लिहायचं ठरवलं, "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की", कारण एकतर दाजी रोज तेच लिहितात, आणि दुसरं म्हणजे यात ष आहे, ळ आहे, बारीक पोटाची अक्षरं आहेत. शाई फुटते की नाही हे बघायचं तर अक्षराच्या पोटात बघायचं. ष चं पोट बुजलं की समजायचं कागद फुटला. वाक्य दोनदा लिहायचं, एकदा दाजींच्या जाड निबने, एकदा माझ्या बारीक जपानी निबने, शाई त्याच बाटलीतली. मग पाच, दहा, वीस, तीस सेकंदांनी बोटाने पुसून बघायचं, मागची बाजू बघायची, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सहीवर सोडून मिनिटभराने टिपून घ्यायचा. प्रयोगशाळा नाही ही, पण सगळ्यांना एकच नियम लावला की तुलना करता येते.

ऑफिसच्या उघड्या रिममधल्या कागदावर दाजींनी सही केली आणि आम्ही तिघंही वाकून बघत होतो. पहिली दोन सेकंद सही एकदम सुरेख होती. मग रेघेच्या दोन्ही कडांना बारीक बारीक तंतू फुटायला लागले, सुरवंटाच्या अंगावर असतात तसे, ष चं पोट भरून गेलं, सहीच्या शेवटी दाजी जो ठिपका देतात तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. कागद उलटा केला तर मागे सहीची अख्खी सावली. आता हाच कागद, माझी बारीक निब, तीच शाई, तर तंतू होते पण भिंगातून बघितल्यावर दिसतील एवढेच, आणि मागे जवळजवळ काही नाही. म्हणजे अर्धी गोष्ट निबची होती. जाड आणि ओली निब एका रेघेत एवढी शाई सोडते की कागदाला ती झेपत नाही.

मग सीलबंद रिम फोडलं. कंपनी तीच, जीएसएम तेच, आणि दाजींच्याच निबने लिहिलं तर फुटणं निम्म्यावर! मला आधी वाटलं वेगळा लॉट असेल, म्हणून मी नव्या रिममधले पाच-सहा कागद रात्रभर खिडकीपाशी उघडे ठेवले, आणि सकाळी त्यावर लिहिलं तर परत तेच केस. कोकणातल्या जुलैत कागद हवेतलं पाणी पितो, हाताला पण जरा मऊ लागतो, फडफड आवाज जातो त्याचा, आणि अशा आधीच ओलसर झालेल्या तंतूंमधून शाई सरसर पळते. ताई म्हणाली, "अरे आपल्या कपाटात बल्ब लावून ठेवतो ना कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून, तसंच की हे." अगदी तसंच. दाजींच्या ऑफिसात रिम प्रिंटरशेजारी, उघड्या खिडकीखाली पडलेलं असतं.

आता १०० जीएसएमचा बॉण्ड. दाजींची खात्री होती की यावर काही होणार नाही, कारण जाड आहे. मागे उमटली नाही हे खरं, पण पुढच्या बाजूला शाई कॉपियरएवढीच पसरली, एका ठिकाणी तर जास्त. हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण दुकानात आपण कायम जीएसएम विचारतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममधे, बस. कागद शाईला धरून ठेवतो की पिऊन टाकतो हे ठरतं त्याच्या खळीवर. कागदाचा लगदा म्हणजे शेवटी वनस्पतीचे तंतू, पाणी बघितलं की ओढून घेणारे, त्यांना अडवायला लगद्यात पूर्वी राळ आणि तुरटी घालायचे, आता बऱ्याच ठिकाणी एकेडी नावाचं रसायन घालतात, आणि वरून स्टार्चचा हात देतात. आपल्याकडचे जुने कागदी लोक हेच करायचे, जुन्नरला काय किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात काय, कागद झाला की त्याला खळ लावायची, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग त्यावर बोरू चालायचा. मोडीतली दोनशे वर्षांपूर्वीची दफ्तरं बघा, अक्षराची कड अजून कशी धारदार असते. कागदाचे कारखाने हे मोजतात सुद्धा, ठराविक जागेवर ६० सेकंद पाणी ठेवायचं आणि दर चौरस मीटरला कागदाने किती ग्रॅम पाणी पिलं ते बघायचं, त्याला कॉब टेस्ट म्हणतात. घरी एवढं जमत नाही पण पाण्याचा थेंब ठेवला की कळतं. उघड्या रिमच्या कागदावर थेंब पसरट होऊन बसला, टिपणीच्या लेजरवर अळूच्या पानावर राहावा तसा मण्यासारखा उभा राहिला.

आणि त्या लेजरवर लिहिताना खरंच मजा आली. टिपणीचा कागद म्हणजे कडक, हिरवट, बोटाने टिचकी मारली की वाजणारा. दाजींच्या जाड निबची रेघ त्यावर कापल्यासारखी स्वच्छ आली, ष चं पोट उघडं, मागे काही नाही. अडचण एकच, हिरव्या कागदावर हिरवी शाई, आणि तीही फिकट, त्यामुळे दोन हातांवरून बघितलं तर सही आहे की नाही असं वाटतं. रजिस्टरचं पान पण असंच चांगलं निघालं, तिथे कागद पांढुरका असल्याने रंग पण उठला. जी दफ्तरं वीस-पंचवीस वर्षं हाताळायची त्यांना आपल्याकडे अजून बरा कागद वापरतात हे बघून बरं वाटलं.

बाकीचे पटकन सांगतो. खाकी पाकिटावर हिरवा रंग मातकट होतो, शेवाळासारखा, वाचता येतं पण पत्ता घालायला मी वापरणार नाही. फुकट डायरीत पहिली काही पानं चांगली आणि मधली पानं वेगळ्याच कागदाची निघाली, त्यामुळे तिच्याबद्दल एक असं मत देता येत नाही. हातकागदावर मला फार आशा होती, पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथे चिंध्यांपासून कागद होताना मी लहानपणी बघितलाय आणि तो ओला कागद वाळत घातलेला अजून डोळ्यासमोर आहे. पण मी प्रदर्शनात घेतलेला हा कागद शुभेच्छापत्रांसाठीचा होता, खळ अगदी कमी, लांब तंतू, आणि शाई त्या तंतूंच्या वाटेने अशी पळाली की एका अक्षराचा पाय पुढच्या अक्षरात गेला. तो रंगकामाला ठेवला, भाचीने त्यावर पानं काढली, सुंदर दिसली.

भाचीच्या वहीने मात्र आश्चर्याचा धक्का दिला. पातळ कागद, मागचं पुढे दिसतं, पण पुढच्या बाजूला फुटणं जवळजवळ शून्य. शाळेच्या वह्या बनवणाऱ्यांना माहीत असतं की पोरं जेलपेन, शाईपेन काहीही वापरणार, त्यामुळे असेल. एकच गंमत, पान उलटून लिहिलं तर थोडं जास्त फुटतं. कागदाच्या दोन बाजू बऱ्याचदा सारख्या नसतात, जी बाजू जाळीला लागून असते ती जरा खरबरीत राहते, बोटाने हलकं घासून बघितलं की जाणवतं. आणि अजून एक, पानाच्या खालच्या भागात निब मधेच घसरायला लागली, शाई तुटायला लागली, तर त्यात पेनाचा दोष नव्हता, लिहिताना तळहात तिथे टेकलेला होता आणि घामाचा तेलकटपणा कागदाला लागला होता. हाताखाली एक जुना टीपकागद ठेवला की हे थांबतं, आपल्या आजोबांच्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं.

ऱ्होडियावर रेघ स्वच्छ, रंग जसा बाटलीवर छापलाय तसा, वाळायला पंधरा-वीस सेकंद. तोमोए रिव्हरबद्दल थोडं जास्त लिहू दे कारण इथे ती शाई मला नव्याने दिसली. हा जपानी कागद, पूर्वी तोमोएगावा कंपनी बनवायची आता सान्झेन बनवते, ५२ जीएसएम म्हणजे भाचीच्या वहीपेक्षाही हलका, हातात घेतला की कांद्याच्या पापुद्र्यासारखा वाटतो. त्यावर दाजींनी सही केली आणि एकाच रेघेत तीन हिरवे दिसले, रेघ सुरू होते तिथे पोपटी, मधे गवताचा, आणि जिथे निब थांबते तिथे शाई साचून गर्द, वडाच्या जुन्या पानासारखा. कॉपियरवर हे काहीच दिसत नव्हतं, तिथे सगळं एकसारखं सपाट फिकट हिरवं. दाजी बराच वेळ तो कागद उजेडाकडे धरून बघत बसले आणि मग म्हणाले, "हीच का रे ती शाई?" हो, हीच. खळ चांगली असली की शाई कागदाच्या वर राहते, हळूहळू वाळते, जिथे जास्त साचली तिथे गडद होते. किंमत अशी की तीस सेकंदांनी पुसली तरी बोट हिरवं होत होतं, दिवसाला दोनशे सह्या करणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही.

इथपर्यंत दाजींची पहिली तक्रार सुटली होती. दमट कागद, कमी खळ, जाड ओली निब. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर पाण्याचे थेंब सोडले आणि इथे या प्रकरणाचा मुख्य मुद्दा निघाला, जो मलाही आधी असा स्पष्ट कधी दिसला नव्हता.

ज्या कॉपियरवर सही सगळ्यात घाण दिसत होती तिथे थेंब टिपून घेतल्यावर सही बरीचशी शिल्लक राहिली. रंग उतरला, भोवती हिरवं डबकं झालं, पण निळसर रेघ वाचता येत होती, सही कुणाची ते ओळखू येत होतं. आणि ज्या लेजरवर सही सगळ्यात सुरेख आली होती तिथे मिनिटभराने टिश्यू लावला तर सही टिश्यूवर आली, कागदावर राहिला फक्त ओघळ. तोमोएवर तर तेवढाही नाही. कारण विचार केला तर साधं आहे, कॉपियरने शाई पोटात घेतलेली, तंतूंना रंग चढलेला, कपड्याला डाग पडतो तसा. लेजरने ती वरच्या वर ठेवलेली, म्हणून ती सुंदर दिसते आणि म्हणूनच पाणी तिला सहज उचलून नेतं. दाजी दोन्ही तक्रारी एका कारणात बांधत होते, शाई पातळ म्हणून, आणि प्रत्यक्षात एक तक्रार कागद जास्त पितो म्हणून होती आणि दुसरी कागद पीत नाही म्हणून. म्हणजे नुसता चांगला कागद आणला असता तर पत्रं सुधारली असती आणि दाखले-टिपण्या अजून धोक्यात गेल्या असत्या! मी ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दाजींना एका सेकंदात समजलं, मला काही बोलावं लागलं नाही.

निळसर रेघ का राहिली हे पण भाचीला करून दाखवलं. टीपकागदाची पट्टी, खालून दोन बोटांवर शाईचा ठिपका, पट्टीचं टोक वाटीतल्या पाण्यात. पाणी चढत जातं तसा हिरवा ठिपका फाटतो, वर पिवळा पळतो, मागे फिरोजी निळा तंतूंना धरून रेंगाळतो. बहुतेक हिरव्या शाया अशाच निळ्या आणि पिवळ्या रंगाच्या मिश्रणातून होतात. म्हणून तर एकच शाई एका कागदावर पोपटी आणि दुसऱ्यावर निळसर दिसते, कोणता रंग किती पुढे पळाला यावर ते ठरतं. भाचीने तीन पट्ट्या केल्या आणि शाळेत न्यायला पुस्तकात ठेवल्या.

झेरॉक्सचं पण बघून घेतलं. कोपऱ्यावरच्या दुकानात अकराही कागद झेरॉक्स केले, मूळ शाई फिकट असल्याने लेजरवरची सही करड्या पार्श्वभूमीत करडी झाली, शोधावी लागली. चेकचंही तसंच आहे, हल्ली चेक बँकेतून बँकेत जात नाही, त्याचा फोटो जातो, त्यामुळे तिथे गडद शाईच बरी. दाजींना मी स्पष्ट सांगितलं की चेकवर निळी किंवा काळीच वापरा, यात हौस नको.

अजून एक गोष्ट ऑफिसच्या जुन्या कागदांवरून लक्षात आली. दाजींच्या काही सह्या एका बाजूलाच फुटलेल्या होत्या, डावीकडून स्वच्छ आणि उजवीकडे जांभळट गिचमिड. तिथे शिक्का होता. शिक्का आधी मारलेला, पॅडची शाई अजून ओली आणि तेलकट-चिकट, तिच्यावर पाण्याची शाई घेऊन निब फिरली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. सही शिक्क्याच्या वर मोकळ्या जागेत करायची, शिक्का खाली, एवढ्यावर हे मिटलं. पैसे शून्य.

राहिला प्रश्न शाईचा. कायम टिकणाऱ्या हिरव्या शाया दोन जातीच्या मिळतात. एक पिगमेंटची, म्हणजे रंगाचे अतिबारीक कण, जे तंतूंत अडकून बसतात आणि वाळले की पाण्यात परत विरघळत नाहीत, जर्मनीच्या डी आट्रामेंटिसची डॉक्युमेंट ग्रीन ही त्यातली. दुसरी आयर्न गॉल, म्हणजे लोहाचे क्षार आणि टॅनिनची जुन्या पद्धतीची, लिहिताना हिरवी दिसते आणि हवेतला ऑक्सिजन लागला की तासातासाने काळपट होत कागदात मुरते, प्लॅटिनमची फॉरेस्ट ब्लॅक त्या जातीची. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे थोडे थोडे नमुने होते, ते मी पुढच्या वेळी नेले आणि फक्त तीन कागदांवर लिहिलं, कॉपियर, बॉण्ड आणि लेजर, कारण दाजींचं काम याच तिघांवर चालतं. एक दिवस मुरू दिलं आणि थेंब सोडला. पिगमेंटची सही जशीच्या तशी, अगदी लेजरवर पण, फक्त कडेला जरासा हिरवा धूर. आयर्न गॉलचा हिरवा रंग पाण्यात निघून गेला पण खाली काळपट रेघ ठाम उभी, आणि कॉपियरवर ती फुटली पण कमी. मला स्वतःला दुसरी जास्त आवडली. दाजींनी पहिली घेतली, त्यांचं म्हणणं बरोबर होतं, "सही काळीच दिसणार असेल तर हिरवी शाई कशाला घ्यायची, तुझ्या ताईला काय सांगू?"

पिगमेंटची शाई पेनात वाळली तर निबच्या खालची जीभ चोंदते आणि मग ती निघता निघत नाही, त्यामुळे दाजींना तीन गोष्टी पाळायला सांगितल्या. पेन रोज वापरायचं, टोपण लावल्याशिवाय खाली ठेवायचं नाही, आणि दोन आठवड्यांतून एकदा साध्या पाण्याने धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी नाही. जुनी शाई आत असताना नवी भरायची नाही, दोन वेगळ्या शाया एकत्र आल्या की कधी कधी आत गाळ धरतो. जाड निब आम्ही बदलून मध्यम केली, बारीक दाजींना आवडेना कारण सहीला ऐट राहत नाही म्हणाले, आणि ते मला पटलं, सही म्हणजे नुसतं नाव नसतं. रिमसाठी ऑफिसात एक स्टीलचं कपाट रिकामं केलं, आत शून्याचा बल्ब, आणि रोज लागतील तेवढेच कागद बाहेर.

हे सगळं होऊन आता दोन महिने होत आले. पत्रांवरची सही अजून लेजरवर येते तशी धारदार नाही, कॉपियर शेवटी कॉपियर आहे, पण ष चं पोट उघडं राहतं. ऑगस्टमधे अजून एक फाइल भिजली, या वेळी जरा जास्तच, आणि तिच्यातला टाइप केलेला कागद चोळामोळा झाला तरी खालची हिरवी सही वाचता येत होती. दाजींनी त्याचा फोटो पाठवला, खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं, मी तो जपून ठेवलाय.

पहिली बाटली मी परत आणली. तिच्यात अजून निम्म्याहून जास्त शाई आहे आणि मी तीच रोज माझ्या डायरीत वापरतोय, तोमोएच्या कागदावर, तो वडाच्या पानाचा हिरवा बघायला मिळतो म्हणून. एक पट्टी मात्र दाजींच्या खिडकीत चिकटवलेली आहे, तिन्ही शायांच्या तीन रेघा, अर्ध्या काळ्या कागदाने झाकलेल्या, अर्ध्या उन्हात. जुन्या डाय वाल्या शाईची उघडी बाजू आत्ताच फिकट होऊन पिवळटपणाकडे झुकलीय, बाकी दोन्हींत फरक दिसत नाही, पण कोकणात पावसाळ्यात ऊन ते कितीसं. ऑक्टोबरचं कडक ऊन खाऊ दे त्यांना, दिवाळीला गेलो की ती पट्टी काढून बघणार आहे.